साडेसहा हजारांची फिल्म-टीव्ही बिझनेसची कार्यशाळा: रविवारच्या दुपारसाठी जा, बाकीचं आपलं चालवून घ्या

आधी मार्क देऊन टाकते, पाचातले साडेतीन. त्यातले तीन एकट्या वकील मॅडमचे आणि अर्धा चहाचा, कारण चहा खरंच चांगला होता, आलं घातलेला, आणि मागाल तेव्हा मिळत होता.

नाव लिहीत नाहीये. तक्रारी पण लिहायच्यात आणि आयोजक माणसं तशी सरळ आहेत, उगाच नाव घालून वाद नको. पुण्यात एरंडवण्यात एका हॉलमध्ये झाली, शनिवार-रविवार, सकाळी दहा ते सहा, फी 6500. पंधरा दिवस आधी भरली असती तर 5500 होती पण मी नेहमीप्रमाणे शेवटच्या दिवशी भरली. विषय काय तर लेखक, दिग्दर्शक, एकूणच जे "क्रिएटिव्ह" लोक आहेत त्यांनी सिनेमा आणि टीव्हीचा धंदा समजून घ्यायचा. बॅचला तीसेक जण, त्यात निम्मे शॉर्टफिल्मवाले, चार-पाच एकांकिका करून आलेले, एक काका बँकेतून रिटायर होऊन स्वतःचे पैसे घालून सिनेमा काढायला निघालेले (त्यांची मला दोन दिवस काळजी वाटत होती), आणि माझ्यासारखे टीव्हीतले दोघं-तिघं.

मी डेली सोपचे डायलॉग लिहिते. नऊ वर्षं झाली. ठाण्यात राहते कारण सेट घोडबंदर रोडला असतो आणि सकाळी साडेआठला फोन येतो की सीन 14 मधली मावशी आज आजारी आहे, तिचे डायलॉग काकूला देऊन पाठवा, वीस मिनिटात. एपिसोडची बँक, म्हणजे आधीच शूट करून ठेवलेले एपिसोड, कधीच नसते, आज लिहिलेलं उद्या शूट होऊन परवा टेलिकास्ट. अशा आयुष्यात करार वाचायला वेळ कोणाकडे असतो. एपिसोडमागे किती हे ठरलं की आपण सही करतो, आणि मग तीन महिने "दादा पेमेंट निघालं का" करत अकाउंटवाल्यांच्या मागे फिरतो. टीव्हीत 90 दिवसांचं क्रेडिट हे इतकं मुरलंय की नवीन मुलांना तो निसर्गनियमच वाटतो. तर मी गेले ते हौस म्हणून नाही, एक जुनं दुखणं होतं म्हणून गेले, त्याचं पुढे सांगते.

शनिवार सकाळ फुकट गेली. स्पष्ट सांगते. एक तरुण सर आले होते, एकदम चकाचक, त्यांनी अडीच तास पिच डेक, म्हणजे स्टोरी विकायला दाखवायच्या स्लाइड्स, कसा बनवायचा हे सांगितलं. फॉन्ट कुठला, मूडबोर्ड कसा, "तुमची स्टोरी एका वाक्यात सांगा", मग प्रत्येकाने उभं राहून एका वाक्यात सांगितली, तीस जणांच्या तीस स्टोऱ्या, त्यातल्या अकरा गावाकडच्या प्रेमकथा. हे सगळं यूट्यूबवर फुकट पडलंय. डेक घेऊन जायचं कुणाकडे, तो माणूस डेक बघून कुठलं गणित करतो, हे काही आलंच नाही. मी विचारलं की सर समजा चॅनेलला कन्सेप्ट आवडली आणि सहा महिन्यांनी तसाच शो दुसऱ्याच्या नावाने आला तर काय करायचं. सर म्हणाले, पॉझिटिव्ह राहा. बरं.

(याचं खरं उत्तर रविवारी मिळालं. नुसत्या आयडियावर कॉपीराइट नसतो, तुम्ही ती कागदावर ज्या रीतीने मांडली त्याच्यावर असतो. सुप्रीम कोर्टाने आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या केसमध्ये 1978 सालीच हे सांगून ठेवलंय. म्हणजे कॅफेत बसून तोंडी स्टोरी ऐकवली तर हातात काही राहत नाही. सविस्तर लिहा, स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे रजिस्टर करा, ते ऑनलाइन होतं, आणि मगच मेल करा, मेलमध्ये काय काय जोडलंय ते लिहून.)

दुपारी मात्र एक वितरक काका आले आणि हॉल जागा झाला. सत्तरीचे असतील, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, मराठी आणि हिंदी दोन्ही सिनेमे लावलेत त्यांनी आयुष्यभर. लॅपटॉप बंद करायला लावला, मार्कर घेतला आणि व्हाइटबोर्डवर फक्त एक तिकीट काढलं. 200 रुपये. म्हणाले, यातले तुमचे किती? कोणी म्हणालं दीडशे, कोणी शंभर. काकांनी एकेक वजाबाकी सुरू केली. 100 रुपयांच्या वरच्या तिकिटावर 18 टक्के जीएसटी, तो आतच आहे, तो काढला की उरतात साधारण 169 रुपये 50 पैसे. आता मल्टिप्लेक्सचा वाटा. हिंदीत 2009 साली निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाल्यांचं मोठं भांडण झालं, दोन महिने नवीन मोठे सिनेमेच लागले नव्हते, त्यातून जो हिशेब ठरला त्यात आपल्या, म्हणजे निर्माता-वितरकाच्या, बाजूला पहिल्या आठवड्यात 50 टक्के, दुसऱ्यात 42.5, तिसऱ्यात 37.5 आणि मग 30. मराठीत कुणाची किती ताकद त्यावर मागेपुढे होतं पण गणिताला हाच धरा म्हणाले. म्हणजे पहिल्या आठवड्यात 84 रुपये 75 पैसे. त्यातून वितरकाचं कमिशन, 15 टक्के धरू म्हणाले, राहिले 72. आणि या 72 मधून अजून पोस्टर, होर्डिंग, ट्रेलरचं मार्केटिंग, डिजिटल प्रोजेक्शनवाल्या कंपनीला दर स्क्रीनमागे भरलेले पैसे, हे सगळं वसूल व्हायचंय.

मग म्हणाले, सिनेमा 2 कोटीत बनला आणि प्रसिद्धीला 60 लाख गेले असं समजा, किती तिकिटं विकायला लागतील ते काढा. सगळ्यांनी मोबाइल काढले. तीन लाख एकसष्ट हजार. आणि ते सुद्धा सगळे लोक पहिल्याच आठवड्यात आले तर, चौथ्या आठवड्यात आले तर तुमच्या हातात तिकिटामागे 43 रुपयेच पडतात. बँकवाले रिटायर काका शांत बसले होते, त्यांनी वहीत तो आकडा लिहिला आणि त्याभोवती चौकोन केला. मला वाटतं त्यांची फी तिथेच वसूल झाली.

इतकी वर्षं "सिनेमाने पाच कोटींचा गल्ला जमवला" अशा बातम्या वाचून आपण समजायचो की निर्मात्याच्या घरी पाच कोटी गेले. काका म्हणाले, गल्ला थेटराचा असतो रे, निर्मात्याचा नाही. सैराटसारखा एखादाच येतो जो गणितच मोडून टाकतो, त्याच्याकडे बघून बजेट करू नका.

काका गोष्टी पण मस्त सांगतात. दादासाहेब फाळक्यांनी भांडवल उभं करायला काय केलं तर कुंडीत वाटाणा पेरला आणि तो उगवताना रोज थोडं थोडं शूट करून त्याची छोटी फिल्म केली, ती दाखवून पैसे मिळवले, विमा पॉलिसी गहाण टाकल्या, सरस्वतीबाईंचे दागिने गेले, आणि मग 3 मे 1913 ला गिरगावात कोरोनेशनमध्ये सिनेमा लागला. सकाळच्या पिच डेकवाल्या सरांनी हे सांगितलं असतं तर! पुढे त्याच फाळक्यांनी भागीदार घेऊन कंपनी काढली, भागीदारांशी पटेना म्हणून सगळं सोडून काशीला गेले आणि नाटक लिहीत बसले. काका हसत म्हणाले, तेव्हापासून आपल्याकडे क्रिएटिव्ह माणूस आणि पैसेवाला माणूस यांचं हेच चाललंय.

स्क्रीन मिळण्याचं दुखणं पण काढलं. 1971 ला दादा कोंडक्यांच्या सिनेमाला दादरचं कोहिनूर मिळेना तेव्हा शिवसेना मध्ये पडली होती, 2015 ला सरकारला मल्टिप्लेक्समध्ये मराठीसाठी प्राइम टाइमचा नियम आणावा लागला, आणि तरी आज सुद्धा आपला सिनेमा सकाळी साडेनऊला लागतो आणि मग म्हणतात प्रेक्षक नाही आले. साडेनऊला कोण येणार, मुलांची शाळा, ऑफिस. सरकारी अनुदानाबद्दल ते थोडं घाईत बोलले, अ दर्जाला 40 लाख आणि ब दर्जाला 30 लाख अशी ती योजना चालत आलीये, पण ते पैसे पूर्ण झालेल्या सिनेमाचं परीक्षण होऊन मार्क पडल्यावर मिळतात, बनवायला मिळत नाहीत, आणि खूप जण ते आधीच बजेटमध्ये जमा धरून व्याजाने पैसे उचलतात. यावर अजून अर्धा तास हवा होता. त्याऐवजी चार वाजता "नेटवर्किंग सेशन" ठेवलं होतं, म्हणजे सगळ्यांनी एकमेकांचे नंबर घेतले आणि व्हॉट्सॲप ग्रुप झाला, त्या ग्रुपवर आता रोज गुड मॉर्निंग येतं.

रविवारी सकाळी टीव्हीचं सेशन होतं, चॅनेलमध्ये बरीच वर्षं काढलेल्या एक ताई होत्या. माझ्या लाइनचं असल्याने मला नवीन कमी मिळालं, पण एक गोष्ट मी नऊ वर्षं टीव्हीत असून इतकी स्पष्ट कधी बघितली नव्हती. आपल्याकडे मालिका कमिशन होते, म्हणजे चॅनेल प्रॉडक्शन हाऊसला एपिसोडमागे ठरलेली रक्कम देतं आणि मालिका चॅनेलची होते. त्यातून जे वाचेल ते निर्मात्याचं. लेखकाचा दर, कथा वेगळी, पटकथा वेगळी, संवाद वेगळे, हे सगळं त्या ठरलेल्या रकमेतूनच निघतं, म्हणून महाएपिसोड असला की आपलं काम दुप्पट होतं पण निर्माता पैशांचं नाव काढत नाही. आणि मालिका दुसऱ्या भाषेत गेली तर तुमच्या करारात जे लिहिलंय तेच तुमचं. उदाहरण त्यांनी सगळ्यांना माहीत असलेलं दिलं, "आई कुठे काय करते" आणि हिंदीतली "अनुपमा" या दोन्ही मूळ बंगाली "श्रीमोयी" वरून आल्या. एक गोष्ट, किती भाषा, किती वर्षांचे एपिसोड. ताई म्हणाल्या, अशी गोष्ट तुमच्या वहीत असेल तर रिमेकचा मुद्दा तुम्ही पहिल्या दिवशी काढायचा, शंभराव्या एपिसोडला नाही. एक मुलगा म्हणाला, पहिल्या दिवशी काढला तर काम दुसऱ्याला देतील ना. ताईंनी मान डोलावली, खोटं बोलल्या नाहीत. ते मला आवडलं.

जेवणाबद्दल एकच वाक्य, पनीर थंड होतं आणि दोन्ही दिवस तेच होतं.

आता रविवारची दुपार. वकील मॅडम. कॉपीराइटचंच काम करतात. आल्या आल्या म्हणाल्या, ज्यांनी आपले करार आणलेत त्यांनी नावं झाकून द्या. (हे आधी मेलमध्ये कळवलं होतं, पण चौघांनीच आणले होते.) मी माझा आणला होता. ते माझं जुनं दुखणं. 2021 च्या मार्चमध्ये एका निर्मात्यासाठी वेब सिरीजची कथा आणि पहिल्या भागाची पटकथा लिहिली होती, लॉकडाऊन, हातात काम नाही, दोन पानी करार, 40 हजार ठरले, 15 मिळाले, सिरीज बनलीच नाही. मध्ये दुसरीकडे ती कथा आवडली होती पण हे निर्माते म्हणाले राइट्स आमच्याकडे आहेत, विसरून जा. मी विसरले पण. म्हणजे विसरल्यासारखं केलं.

मॅडमनी नावावर काळी पट्टी मारलेली ती दोन पानं प्रोजेक्टरवर टाकली आणि पेन्सिल घेऊन एकेका ओळीखाली रेघ मारत गेल्या. सगळ्या हॉलसमोर स्वतःचा मूर्खपणा पडद्यावर बघायचा म्हणजे काय ते विचारू नका. पहिली ओळ, "लेखिका सर्व हक्क निर्मात्यास देत आहे." मॅडमनी विचारलं, किती वर्षांसाठी? पान उलटलं, कुठेच नाही. मुदत लिहिली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, कॉपीराइट कायद्याचं कलम 19. कुठल्या प्रदेशासाठी? ते पण नाही. मग फक्त भारत. पुढची ओळ, "अस्तित्वात असलेल्या व भविष्यात शोध लागणाऱ्या सर्व माध्यमांसाठी", ही ओळ वाचून मला तेव्हा वाटलं होतं की संपलं सगळं. मॅडम म्हणाल्या, 2012 च्या दुरुस्तीनंतर करार करताना जे माध्यम अस्तित्वातच नव्हतं किंवा धंद्यात वापरात नव्हतं, ते नाव घेऊन लिहिलं नसेल तर त्याला तो करार लागत नाही. भविष्यात शोध लागणारी म्हटलं म्हणजे नाव घेतलं असं होत नाही.

मग त्या थांबल्या आणि मला विचारलं, यांनी या कथेवर काही बनवलं? शूट, टीझर, काहीतरी? मी म्हटलं काहीच नाही. तर म्हणाल्या, हक्क घेतल्यावर एक वर्षात वापरले नाहीत आणि करारात वेगळं काही ठरलेलं नसेल, तर ते हक्क सुटतात. करारात वेगळं काही आहे का बघू. दोन्ही पानं परत वाचली, मोठ्याने. नव्हतं. हॉलमध्ये कोणीतरी टाळी वाजवली आणि मला रडूच आलं, पण मॅडमनी लगेच पाणी ओतलं की "वापरले" म्हणजे काय यावर ते भांडू शकतात, त्यांनी कुठे पिच केलं असेल तर तोच वापर असं म्हणतील, त्यामुळे उड्या मारू नका, आधी लेखी विचारा. आणि दुसऱ्यांना पण सांगितलं की हे कलम बहुतेक निर्मात्यांच्या वकिलांना पाठ असतं, चांगल्या करारात ते "लागू होणार नाही" असं सरळ लिहिलेलं असतं, माझ्या निर्मात्याने वकिलाचे पैसे वाचवले म्हणून मी वाचले. हे जरा खटकलं पण खरं आहे.

रॉयल्टीबद्दल पण बोलल्या. थेटरात सिनेमा चालतो त्याचं सोडून बाकी जिथे जिथे तो वापरला जातो तिथे लेखकाचा रॉयल्टीचा हक्क असतो आणि तो लिहून देऊन पण सोडता येत नाही, वारसाला किंवा कॉपीराइट सोसायटीलाच देता येतो, हे 2012 ला जावेद अख्तर वगैरे मंडळी मागे लागली म्हणून झालं. गीतकार-संगीतकारांना आयपीआरएसमधून, म्हणजे गाण्यांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या सोसायटीतून, पैसे येतात, पटकथा-संवादवाल्यांच्या हातात ते पडायची वाट अजून लांबची आहे. मॅडमनी हे गोड करून सांगितलं नाही.

आणि 90 दिवसांच्या क्रेडिटवर एक उपाय सांगितला जो मला नऊ वर्षांत कोणी सांगितला नव्हता. उद्यम रजिस्ट्रेशन. सरकारी पोर्टलवर फुकट होतं, एकट्याने काम करणारा लेखक पण सूक्ष्म उद्योग म्हणून करू शकतो, आणि मग लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या पुढे पैसे थकवता येत नाहीत, थकवले तर व्याज लागतं. प्रत्यक्षात तक्रार केली तर पुढचं काम मिळेल का हा प्रश्न आहेच, तो मीच विचारला, मॅडम म्हणाल्या तो कायद्याचा प्रश्न नाही. पण बिलावर उद्यम नंबर छापलेला असला तरी अकाउंटवाल्यांचा सूर बदलतो म्हणे. मी केलंय, पुढच्या बिलाला बघू.

हे सेशन दोन तासांचं होतं, साडेतीन तास चाललं, आणि हॉलवाला दिवे घालवायला लागला तेव्हा थांबलं. चौघांपैकी दोघांचेच करार वाचून झाले. उरलेल्या दोघांना मॅडमनी जिन्यात उभं राहून वाचून दिले.

आयोजकांना सांगणं एवढंच की शनिवार सकाळ काढून टाका आणि ती मॅडमना द्या. रेकॉर्डिंग देऊ म्हणून जाहिरातीत लिहिलं होतं ते अजून आलेलं नाही, नोट्सची पीडीएफ बारा दिवसांनी आली आणि त्यात काकांचं तिकिटाचं गणितच नाही, सर्टिफिकेट मात्र दुसऱ्याच दिवशी आलं, सोनेरी बॉर्डरचं. मुंबई-ठाण्याहून येणाऱ्यांनी शिवनेरीचं परतीचं तिकीट रात्री नऊच्या नंतरचं काढा, माझी साडेसातची गेली. आणि करार घेऊनच जा, कोरा गेलात तर नुसतं दुसऱ्याचं बघत बसाल.

सोमवारी सकाळी मी त्या निर्मात्याला मेल केला. मॅडमनी सांगितल्याप्रमाणे तीन ओळी, कुठलंही कलम न लिहिता, फक्त एवढंच की करारानंतर कथेवर काय काय काम झालं ते तारखांसकट कळवावे. अडीच वर्षं ज्या माणसाने माझा फोन उचलला नव्हता त्याचा चार तासांत मेसेज आला, "अगं मेल कशाला, ऑफिसला ये ना, चहा घेऊ, बोलू." गेले नाहीये. मॅडमनी बजावलंय, चहा नको, जे काय असेल ते मेलवर.